प्रक्षेपणाच्या दारी स्वतंत्र निर्माता

पुस्तक लिहिणाऱ्याला प्रकाशक मिळाला नाही, तर पदरचे पैसे घालून ते छापून घेण्याची मुभा त्याला असते. नाटक करणाऱ्याला एखाद्या नामांकित संस्थेने जवळ केले नाही, तरी नाट्यगृह एका रात्रीपुरते भाड्याने घेऊन तो आपला प्रयोग लावू शकतो. दूरचित्रवाणीसाठी कार्यक्रम करणाऱ्याची स्थिती या दोघांहून मूलतः वेगळी आहे. त्याने कथा लिहिली, नट जमवले, चित्रीकरण आणि संकलन पुरे केले आणि तयार फीत हातात घेतली, तरी प्रक्षेपणाची वेळ ज्याच्या ताब्यात आहे त्याने ती दिल्यावाचून त्याच्या श्रमाला प्रेक्षक लाभत नाही. दिवसाचे तास चोवीसच. त्यांतले लोक कामधंद्यातून मोकळे होऊन पडद्यासमोर बसतात ते तास तीन-चार. आणि हे तीन-चार तास वाटणारे हात आपल्या देशात नेहमीच फार थोडे राहिले आहेत. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेचा जो पगारी नोकर नाही, तिच्या मालकीच्या कंपनीचा जो भाग नाही, आणि ज्याने आपली कल्पना आपल्याच जोखमीवर उभी केली आहे, अशा निर्मात्याला या तासांत जागा कशी मिळाली, किती मिळाली, आणि मिळाली नाही तेव्हा त्याने काय केले, या प्रश्नाचा आढावा घेण्याचा येथे विचार आहे. या इतिहासाकडे पाहताना मला एक गोष्ट वारंवार दिसते ती अशी, की या निर्मात्याचा हक्क आपल्या न्यायालयांनी स्वच्छ शब्दांत मान्य केला, परंतु त्या हक्काला वेळापत्रकात ठरलेला हिस्सा कायद्याने कधीच नेमून दिला नाही; आणि म्हणून प्रत्येक नवा निर्माता, आधीच्या सर्वांनी जिंकलेले दावे पाठीशी असूनही, पहिल्या पायरीवर नवा अर्ज घेऊन उभा असतो.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात झाला, तेव्हा हा प्रश्नच उद्भवला नव्हता. ती सेवा आकाशवाणीचे एक पोटखाते होती. कॅमेरे सरकारी, स्टुडिओ सरकारी, आणि कार्यक्रम करणारेही सरकारी चाकरीत असलेले. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा प्रतिभावंत त्या आरंभकाळात दिल्ली केंद्रावर होता, तोही या चाकरीच्या नात्यानेच. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, पुढच्या वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागले, आणि १ एप्रिल १९७६ रोजी आकाशवाणीपासून विभक्त होऊन दूरदर्शन हे स्वतंत्र खाते बनले. तरी कार्यक्रम घरातच करण्याचा शिरस्ता कायम राहिला. त्या शिरस्त्यातून मराठीला जे मिळाले ते हलके नव्हते. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती, आमची माणसं’ हे कार्यक्रम आणि दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव ही सारी केंद्राच्याच निर्मात्यांची कामगिरी होती, आणि अल्प साधनांत इतक्या नेटकेपणाने काम करणाऱ्या त्या पिढीविषयी माझ्या मनात आदरच आहे. मात्र बाहेरच्या माणसाला तेथे प्रवेश होता तो लेखक, नट, गायक किंवा पाहुणा म्हणून. एखादी संपूर्ण कलाकृती स्वतः घडवून ती केंद्राकडे प्रक्षेपणासाठी न्यावी, अशी तजवीजच त्या व्यवस्थेत नव्हती.

ही स्थिती पालटली ती तत्त्वाच्या विचाराने नव्हे, तर गरजेच्या रेट्याने. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्याच वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धांनी रंगीत संचांचे आकर्षण वाढवले. पाठोपाठ लहान शक्तीचे प्रक्षेपक गावोगाव बसवले जाऊ लागले, आणि पाहता पाहता दूरदर्शनचे क्षेत्र इतके विस्तारले की ते भरून काढण्याइतके कार्यक्रम घरात तयार होईनात. पूरणचंद जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने याच सुमारास दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा सांगोपांग विचार करून भारतीय दूरचित्रवाणीला भारतीय व्यक्तिमत्त्व असावे, असा आग्रह धरला. परंतु बाहेरच्या निर्मात्यासाठी दार प्रत्यक्षात उघडले ते ‘हमलोग’ या मालिकेने. मेक्सिकोमध्ये कुटुंबनियोजनाचा प्रचार मालिकांतून करण्याचा जो प्रयोग झाला होता, त्याची माहिती तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री, विदर्भाचे वसंत साठे यांनी करून घेतली होती. त्यांच्या उत्साहाने, मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीतून आणि पी. कुमार वासुदेव यांच्या दिग्दर्शनाखाली ही मालिका उभी राहिली, आणि ७ जुलै १९८४ पासून डिसेंबर १९८५ पर्यंत तिचे दीडशेहून अधिक भाग देशाने पाहिले. तिचा खर्च मॅगी नूडल्सच्या उत्पादकांच्या पुरस्कारातून निघाला. ‘प्रायोजित कार्यक्रम’ ही संस्था आपल्याकडे रूढ झाली ती येथून.

या प्रायोजनाची रीत नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या गुणदोषांची बीजे तीत आहेत. निर्माता आपल्या कल्पनेचा सारांश, काही भागांच्या संहिता आणि बहुधा स्वखर्चाने केलेला एक नमुनाभाग दिल्लीला मंडी हाऊस या दूरदर्शनच्या मुख्यालयात सादर करी. तेथे त्याची छाननी होऊन मंजुरी आली, की ती साधारणतः तेरा भागांच्या हप्त्याने येई, आणि पुढील हप्त्यासाठी मुदतवाढ मागावी लागे. मंजुरीचे पत्र हाती आल्यावर निर्माता प्रायोजक शोधू लागे. प्रायोजक निर्मात्याला निर्मितीचा खर्च देई, दूरदर्शनला प्रक्षेपणाचे शुल्क भरी, आणि मोबदल्यात त्याला कार्यक्रमाच्या आगेमागे काही ठरावीक सेकंद जाहिरातीसाठी मिळत. म्हणजे निर्मात्याला दोन दारे ठोठावावी लागत, एक सरकारी अधिकाऱ्याचे आणि दुसरे व्यापाऱ्याचे. पहिले उघडून दुसरे बंद राहिले तरी, आणि दुसरे उघडून पहिले बंद राहिले तरी, परिणाम एकच. नमुनाभागासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र या दोन्ही दारांच्या उघडण्याची वाट पाहत थांबत नसे. या प्रतीक्षेत किती जणांची उमेद आणि किती घरांतील दागिने खर्ची पडले याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात नाही.

असे असूनही त्या सात-आठ वर्षांत जे निर्माण झाले ते पाहता, या अपुऱ्या व्यवस्थेनेही केवढी प्रतिभा मोकळी केली याचे नवल वाटते. बासू चटर्जी यांच्या ‘रजनी’तील प्रिया तेंडुलकरांनी गॅसचा सिलिंडर, टॅक्सी आणि शाळाप्रवेश हे मध्यमवर्गाचे दैनंदिन कलह राष्ट्रीय पडद्यावर आणले, ‘नुक्कड’ने रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या माणसांना कथानायकाचे स्थान दिले, शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांचे मालगुडी कर्नाटकातील आगुंबे येथे साक्षात उभे केले. रमेश सिप्पी यांच्या ‘बुनियाद’मध्ये फाळणीने उखडलेल्या कुटुंबाची कहाणी आली. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले, आणि मूळच्या बावन्न भागांच्या मंजुरीला मुदतवाढी मिळत ते अठ्ठ्याहत्तर भागांपर्यंत गेले. याच काळात, १९८८ साली, प्रणय रॉय यांच्या संस्थेने ‘द वर्ल्ड धिस वीक’ हा कार्यक्रम दूरदर्शनला देऊन वृत्तविषयक निर्मितीतही बाहेरच्या माणसाला पहिले पाऊल टाकून दिले. त्याचा विषय जगातल्या घडामोडी हा होता, कारण देशातल्या बातम्या खात्याने स्वतःकडे राखून ठेवल्या होत्या. या मालिकांच्या बाबतीत एक गोष्ट पुढील चर्चेसाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे, ती ही की प्रायोजित कार्यक्रमांची मालकी बहुधा निर्मात्याकडेच राहत असे. २०२० सालच्या टाळेबंदीत, २८ मार्चपासून, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले, तेव्हा त्याची सामग्री सागर कुटुंबाकडून मिळवावी लागली होती.

आता मंजुरी नाकारली गेली, किंवा मंजुरीनंतर प्रक्षेपण अडले, तर निर्मात्याने काय करावे, हा प्रश्न न्यायालयांपुढे आला. आणि या प्रश्नाची उकल करण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. गोविंद निहलानी यांनी भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून केलेली ‘तमस’ ही मालिका जानेवारी १९८८ मध्ये दाखवली जात असताना, तिच्यामुळे जातीय भावना भडकतील अशा अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयात तिला तात्पुरती मनाई झाली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती मालिका स्वतः पाहिली, तिचा रोख द्वेष पसरवण्याचा नसून द्वेष कसा पेरला जातो हे दाखवण्याचा आहे असा निष्कर्ष काढला, आणि मनाई उठवली. पुढे फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हाच निर्णय उचलून धरला. तसे करताना नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी पूर्वी एका खटल्यात सांगितलेली कसोटी त्या न्यायालयाने आधाराला घेतली: कलाकृतीचा परिणाम समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या मनावर काय होईल हे पाहावे, दुर्बळ आणि डळमळीत मनाच्या माणसाच्या मापाने ती मोजू नये. न्यायाधीशांनी फीत स्वतः पाहिली ही गोष्ट मला निकालाइतकीच मोलाची वाटते. कारण प्रक्षेपणाला विरोध करणाऱ्यांचे आणि कचेरीतल्या नकारांचेही मोठे वैगुण्य हेच, की कलाकृती पुरती न पाहता तिच्याविषयीच्या भीतीवरच निर्णय दिले जातात.

त्याच वर्षी दुसरा निकाल लागला तो स्वतंत्र निर्मात्याची सनद म्हणावा अशा योग्यतेचा आहे. ‘होनी अनहोनी’ या प्रायोजित मालिकेत अतर्क्य घटनांच्या कथा होत्या, आणि तिच्यामुळे अंधश्रद्धा वाढते असे म्हणून महाराष्ट्रातील लोकविज्ञान संघटनेने मुंबई उच्च न्यायालयातून तिच्या उरलेल्या भागांना मनाई मिळवली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली आणि त्यासाठी जे तत्त्व सांगितले ते असे, की दूरदर्शनने घातलेल्या अटी पाळून आपली चित्रकृती त्यावर दाखवण्याचा नागरिकाचा हक्क हा राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, वृत्तपत्रातून किंवा भित्तिपत्रकातून मत मांडण्याच्या हक्कासारखाच तो हक्क आहे, आणि त्याच अनुच्छेदात सांगितलेल्या कारणांखेरीज त्याचा संकोच करता येणार नाही. लोकविज्ञान संघटनेच्या कार्याविषयी मला आस्था आहे, आणि त्या मालिकेविषयी तिने व्यक्त केलेली चिंता मला आजही रास्त वाटते. तरीही हा निकाल योग्यच झाला असे माझे मत आहे, कारण ज्या तत्त्वाने त्या दिवशी भुताखेतांच्या गोष्टींना आश्रय दिला, त्याच तत्त्वाच्या आधाराने पुढे भोपाळच्या मृतांची आणि मुंबईच्या झोपडीवासीयांची बाजू पडद्यावर येऊ शकली.

भोपाळच्या वायुदुर्घटनेवर तपन बोस आणि सुहासिनी मुळे यांनी केलेल्या ‘बियाँड जेनोसाइड’ या अनुबोधपटाला राष्ट्रीय पारितोषिकांत सुवर्णकमळ मिळाले होते. पारितोषिकप्राप्त लघुपट दूरदर्शनवर दाखवले जातील, असे मंत्र्यांनी समारंभातच जाहीर केले होते. तरीही दूरदर्शनने तो नाकारला, आणि कारणे दिली ती अशी: विषय आता जुना झाला, मांडणीत संयम नाही, ती एकतर्फी आहे, राज्य सरकारवर टीका आहे, नुकसानभरपाईचे दावे न्यायप्रविष्ट आहेत. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने या कारणांपैकी एकही ग्राह्य धरले नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेला नकाराचे कारण द्यावे लागेल, ते घटनेच्या चौकटीत बसणारे असावे लागेल, आणि सरकारवरील टीका हे तसे कारण नव्हे, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. सरकारी कचेरीतून मिळालेल्या नकाराची इतकी बारकाईने तपासणी झाल्याचे उदाहरण आपल्या माध्यमांच्या इतिहासात विरळाच.

आणि आनंद पटवर्धन यांचे नाव घेतल्यावाचून हे प्रकरण पुरे होत नाही. मुंबईच्या झोपड्या पाडल्या जात असताना तेथील माणसांचे जिणे टिपणारा त्यांचा ‘बॉम्बे : हमारा शहर’ राष्ट्रीय पारितोषिक मिळूनही न्यायालयात गेल्यावरच दूरदर्शनवर आला, ‘राम के नाम’लाही त्याच मार्गाने जावे लागले, आणि ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ हा १९९५ च्या सुमारास पुरा झालेला चित्रपट, त्याच्या दुसऱ्या भागाला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आहे या सबबीसह नाना सबबींवर अडवला गेल्यानंतर, २५ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने प्रक्षेपित करण्याचे ठरले. चित्रपट तयार होणे आणि तो लोकांपुढे येणे यांत जवळजवळ एक तप गेले. त्या तपात ज्या मुलांनी तो शाळकरी वयात पाहायचा ती मुले नोकऱ्यांना लागली. पटवर्धनांच्या चिकाटीला मी मनःपूर्वक वंदन करतो. परंतु एका माणसाच्या चिकाटीवर जो हक्क अवलंबून राहतो तो सामान्य निर्मात्याच्या कामाचा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. ज्याच्यापाशी वकील नाही, मुंबई-दिल्ली फेऱ्यांचे भाडे नाही आणि दहा वर्षे थांबण्याची ताकद नाही, त्याच्यासाठी हे सारे निकाल कपाटातल्या ग्रंथांत राहतात. या निकालांच्या ओघातच, १९९५ च्या फेब्रुवारीत, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन स्वतंत्र लोकप्रातिनिधिक प्राधिकरणाने करावे असे सांगितले. दोन वर्षांनी, १९९० सालचा प्रसार भारती कायदा अखेर अमलात आला. पण त्या कायद्याने बाहेरच्या निर्मात्याला प्रक्षेपणकाळाचा अमुक इतका हिस्सा मिळेल, असे बंधन दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या महामंडळावर घातले नाही.

दरम्यान आकाशातून दुसरेच दार उघडले होते. १९९१ साली परदेशी उपग्रहवाहिन्या आल्या, २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली, आणि सरकारी मक्ता मोडला म्हणजे स्वतंत्र निर्मात्याचे दिवस आले अशी आशा अनेकांना वाटली. आरंभी ती आशा अगदीच निराधार नव्हती; भारतातून उपग्रहाकडे संकेत पाठवण्याची परवानगी खासगी वाहिन्यांना नसल्यामुळे फिती विमानाने हाँगकाँगला न्याव्या लागत, पण वाहिन्यांना कार्यक्रमांची निकड होती आणि नवख्या माणसाचेही ऐकून घेतले जाई. दूरदर्शननेही स्पर्धेपोटी आपल्या मेट्रो वाहिनीवर बाहेरच्यांना वेळ दिली; १९९५ साली ‘आज तक’ हे वीस मिनिटांचे वार्तापत्र तेथेच जन्मले. मराठीत दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर कांचन अधिकारी यांची ‘दामिनी’ ही दैनंदिन मालिका गाजली, १९९९ च्या ऑगस्टमध्ये अल्फा मराठी आली आणि ‘आभाळमाया’ने तिचा पाया घातला, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आली. मराठी लेखक-नटांना नियमित काम आणि बऱ्यापैकी उपजीविका मिळाली ती या वाहिन्यांमुळे, आणि हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु या व्यवहाराचे कागद पाहिले, तर ‘निर्माता’ या पदवीत काय उरले आहे असा प्रश्न पडतो. वाहिनी निर्मात्याला भागामागे ठरलेली रक्कम देते. तीत नटांचे मानधन, सेटचे भाडे, तंत्रज्ञांची मजुरी आणि निर्मात्याचा नफा हे सारे बसवायचे असते. याच्या मोबदल्यात कथेची कल्पना, पात्रे, नाव, चित्रफीत, पुनःप्रक्षेपण, इतर भाषांतील रूपांतर आणि पुढे शोध लागतील त्या सर्व माध्यमांतील हक्क वाहिनीकडे जातात. मालिका चालली, वीस वर्षे पुनःपुन्हा दाखवली गेली, पाच भाषांत तिची रूपे झाली, तरी जिथून ती सुरू झाली त्या माणसाला त्यातून काही येत नाही. आणि मोजक्या घरांत बसवलेल्या यंत्रांनी मोजलेला आकडा घसरला, तर ती थोड्या दिवसांच्या सूचनेवर बंद होते. नट आणि तंत्रज्ञ यांना काम झाल्यावर नव्वद दिवसांनी पैसे देण्याचा मुंबईतला शिरस्ता लहान निर्मात्याच्या उसनवारीशीच निगडित आहे. स्वामित्वहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने लेखक आणि संगीतकार यांच्या स्वामित्वधनाला कायद्याने काही संरक्षण दिले; निर्मात्याला तसे संरक्षण कोणी दिले नाही. अशा स्थितीत तो स्वतंत्र उरत नाही. सामान मालकाचे, नमुना मालकाचा आणि मजुरी नगावर, अशा शिंप्यासारखा त्याचा व्यवसाय झाला आहे. तमिळनाडूत सन टीव्हीने काही काळ वेगळी रीत चालवली. निर्माता प्रक्षेपणकाळासाठी शुल्क भरी, जाहिराती स्वतः मिळवी, आणि जोखीम त्याची असल्याने मालकीही पुष्कळदा त्याचीच राही. या रीतीत लहान माणूस बुडण्याचा धोका अधिक, पण तगून राहिलेल्यांच्या हाती काही संपत्ती तरी जमली.

यावर उपाय नाही असे मानण्याचे कारण नाही, कारण इतर देशांनी तो शोधला आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तो निर्मात्यांच्या संघटित चळवळीतून आणि कायद्यातून आला आहे. ब्रिटनमध्ये २ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झालेल्या चॅनेल फोर या वाहिनीची रचनाच अशी होती, की तिने स्वतः फारसे निर्माण करू नये आणि बाहेरच्यांकडून कार्यक्रम घ्यावेत. तिने शेकडो लहान निर्मितीसंस्था उभ्या केल्या. त्या संस्थांनी चळवळ केली. आणि १९९० च्या कायद्याने बीबीसी व आयटीव्ही यांनाही आपल्या कार्यक्रमांचा एक चतुर्थांश भाग स्वतंत्र निर्मात्यांकडून घेणे भाग पडले. २००३ च्या कायद्यानंतर तर मूळ प्रक्षेपणाखेरीजचे हक्क निर्मात्याकडे राहतील अशा करारनियमांची चौकट तेथे ठरली, आणि ब्रिटिश निर्मितीसंस्था जगभर कार्यक्रम विकू लागल्या त्या त्या चौकटीच्या बळावर. युरोपातील देशांनी १९८९ साली दहा टक्क्यांची किमान मर्यादा मान्य केली. अमेरिकेत १९७० साली मोठ्या जाळ्यांना बाहेरच्या निर्मात्याच्या कार्यक्रमांत आर्थिक हिस्सा ठेवण्याची मनाई झाली होती. नव्वदीच्या दशकात ती उठवली गेली आणि त्यानंतर तेथील स्वतंत्र निर्मात्यांची संख्या रोडावली, हा अनुभव आपण विसरता कामा नये. त्याच देशात, सार्वजनिक दूरचित्रवाणी आपल्याला वेळ देत नाही या तक्रारीवरून निर्मात्यांनी चालवलेल्या चळवळीमुळे, १९८८ साली काँग्रेसने कायदा करून स्वतंत्र निर्मितीला पैसा देणारी एक वेगळी संस्था स्थापन करवली. आपल्याकडे न्यायालयीन लढे झाले, पण असा संघटित रेटा विधिमंडळापर्यंत पोहोचला नाही. आपल्या निर्मात्यांच्या संघटना दर आणि थकबाकी यांतच गुंतून राहिल्या.

भारतातील एकच प्रयत्न या दिशेने थोडा पुढे गेला. २००० साली राजीव मेहरोत्रा यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने आणि प्रसार भारतीच्या सहकार्याने शेकडो अनुबोधपट करवले, आणि दूरदर्शनवर त्यांना आठवड्याची ठरावीक वेळ मिळवून दिली. कित्येक तरुण दिग्दर्शकांचे पहिले काम त्या वेळेत लोकांनी पाहिले. ही व्यवस्था कराराने चालली, कायद्याने नव्हे; म्हणून तिचा काळ निधी आणि अधिकाऱ्यांची मर्जी यांच्याशी बांधलेला राहिला.

आता इंटरनेटवर कोणीही आपली चित्रकृती चढवू शकतो, तेव्हा या दूरचित्रवाणीच्या दारासाठी इतका आग्रह कशाला, असे विचारले जाते. प्रसार भारतीनेही २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे आपले इंटरनेट-व्यासपीठ सुरू केले आहे. परंतु चढवणे आणि पोहोचणे यांत अंतर आहे. दरमहा पैसे न भरता डीडी फ्री डिशवर वाहिन्या पाहणारी घरे कोट्यवधी आहेत, आणि त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली. ज्या शेतकऱ्यावर, ऊसतोड कामगारावर किंवा आदिवासी पाड्यावर आपण चित्रपट करतो, तो त्याच माणसाच्या घरात संध्याकाळी लागावा ही इच्छा निर्मात्याने का सोडावी? स्वतःची वाहिनी काढण्याचा मार्ग तर लहान माणसाला नाहीच. २०११ च्या नियमांनी वृत्तेतर वाहिनीसाठी पाच कोटी आणि वृत्तवाहिनीसाठी वीस कोटी रुपयांच्या मत्तेची अट घातली होती, आणि परवान्यानंतर केबलवाल्यांना द्यायचे वहनशुल्क निराळेच.

म्हणून ज्या तरुण मराठी निर्मात्यांच्या हाती आज तयार किंवा अर्धवट फिती आहेत, त्यांना माझे सांगणे आहे, की चित्रपट परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र वेळीच घ्या. एका प्रक्षेपणाचा हक्क आणि संपूर्ण मालकी यांतील फरक करारावर सही करण्यापूर्वी वकिलाकडून समजून घ्या. प्रस्ताव दाखल केल्याची पोच घ्या. आणि नकार आला, तर तो लेखी आणि सकारण मागा, तसा मिळाला नाही तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली निर्णयाची टिप्पणी मागा, कारण भोपाळच्या चित्रपटाचा खटला जिंकला गेला तो नकाराची कारणे कागदावर होती म्हणूनच. आणि महाराष्ट्रातून दिल्लीला गेलेल्या सर्वपक्षीय खासदारांना विनंती आहे, की प्रसार भारती कायद्यात तीन गोष्टी घालण्यासाठी त्यांनी प्रयत्न करावा: सह्याद्रीसह प्रत्येक प्रादेशिक वाहिनीच्या रात्रीच्या मुख्य वेळेचा एक चतुर्थांश भाग स्वतंत्र निर्मात्यांसाठी राखून ठेवावा, प्रत्येक प्रस्तावावर साठ दिवसांच्या आत सकारण निर्णय द्यावा, आणि पहिल्या प्रक्षेपणानंतरची मालकी निर्मात्याकडेच राहू द्यावी.